सिटी कॉलेजचा १९४९-५० चा बास्केटबॉल हंगाम : फलक-प्रकल्पाच्या नोंदी

१० जून २०२४

जिमखान्याच्या बंदिस्त मैदानाची रंगरंगोटी आटोपत आली असून, प्रेक्षकांच्या बाकांमागील लांब भिंतीवर बास्केटबॉलच्या इतिहासातील काही निवडक हंगामांची ओळख करून देणारे मराठी फलक लावावेत, असे आजच्या बैठकीत ठरले. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजचा १९४९-५० चा हंगाम मी आग्रहाने मागून घेतला. एनआयटी आणि एनसीएए या दोन्ही राष्ट्रीय स्पर्धा एकाच वर्षी जिंकणारा तो पुरुषांच्या महाविद्यालयीन बास्केटबॉलमधील एकमेव संघ आहे. याच संघातील सात खेळाडूंना पुढच्या वर्षी सट्टेबाजांकडून पैसे घेतल्याच्या आरोपावरून अटक झाली.

या विषयावर लिहिताना पहिल्या अर्ध्या भागात पराक्रम आणि दुसऱ्या अर्ध्या भागात अधःपात अशी वाटणी करण्याचा प्रघात आहे. मी ती वाटणी करणार नाही. ज्या हंगामात हे विजेतेपद मिळाले त्याच हंगामात पैशांचे व्यवहारही झाले होते. तेच खेळाडू, तेच मैदान आणि तेच महिने असल्यामुळे दोन्ही गोष्टी एकाच फलकावर शेजारी शेजारी दिसल्या पाहिजेत, एवढे सूत्र ठरवून कामाला सुरुवात केली आहे.

१३ जून

पहिला फलक महाविद्यालयाचा. १८४७ साली ‘फ्री अकॅडमी’ या नावाने स्थापन झालेले हे महाविद्यालय १९७६ पर्यंत विद्यार्थ्यांकडून शिकवणीचे शुल्क घेत नव्हते. हार्लेममधील टेकाडावर, गॉथिक धाटणीच्या काळ्या-पांढऱ्या दगडी इमारतींमध्ये त्याचा परिसर वसलेला आहे. गुणांवर प्रवेश आणि फुकट शिक्षण यांमुळे स्थलांतरित कामगारांच्या, विशेषतः पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांच्या मुलांना पदवीपर्यंत नेणारी ती मोठी वाट होती. क्रीडाशिष्यवृत्त्या देऊन देशभरातून खेळाडू गोळा करण्याची तेथे सोय नव्हती; जो मुलगा शहरातल्या शाळेत शिकला आणि भुयारी रेल्वेने घरून ये-जा करू शकला, तोच संघात येई.

म्हणूनच त्या वर्षीचा संघ म्हणजे न्यूयॉर्कच्या वस्त्यांचा नकाशा होता. उंच सेंटर एड रोमन ब्राँक्सचा, फॉरवर्ड एड वॉर्नर हार्लेमचा, गार्ड फ्लॉइड लेन ब्राँक्सचा, दुसरा गार्ड अल रॉथ ब्रुकलिनचा. हे चौघेही दुसऱ्या वर्षाला होते आणि त्या काळच्या नियमानुसार पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मुख्य संघात खेळता येत नसल्यामुळे मुख्य संघातला हा त्यांचा पहिलाच हंगाम होता. त्यांच्याबरोबर शेवटच्या वर्षाचा अर्विन डॅम्ब्रॉट खेळे. तो आणि जो गॅलिबर हे दोघे सहकर्णधार होते. राखीव खेळाडूंत नॉर्म मेगर आणि हर्ब कोहेन महत्त्वाचे. वॉर्नर, लेन आणि गॅलिबर कृष्णवर्णीय, तर रोमन, रॉथ, डॅम्ब्रॉट, मेगर आणि कोहेन ज्यू. ज्या वर्षी एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेत एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता, त्या वर्षीचा हा संघ आहे, ही ओळ फलकावर ठळक अक्षरांत जाईल.

प्रशिक्षक नॅट होलमन १९१९ पासून या महाविद्यालयाशी बांधलेले होते. ‘ओरिजिनल सेल्टिक्स’ या गाजलेल्या व्यावसायिक संघातून ते स्वतः खेळलेले होते आणि त्यांची कीर्ती मोठी होती. मात्र शाळाशाळांतून मुले हेरणे आणि त्यांच्याशी रोजचा संबंध ठेवणे हे काम मुख्यतः सहायक प्रशिक्षक बॉबी सँड यांच्या खांद्यावर होते. फलकावर सँड यांचे नाव होलमन यांच्या इतक्याच आकारात असेल.

१७ जून

आजच्या खेळाडूला तो काळ समजावा म्हणून खेळाच्या नियमांचा एक चौकोन करायचा आहे. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव. बास्केटमध्ये चेंडू कितीही लांबून टाकला तरी दोनच गुण, कारण तीन गुणांची रेषा महाविद्यालयीन खेळात १९८६-८७ पासून सर्वत्र आली. चेंडू किती वेळ हातात ठेवावा यावर बंधन नव्हते, कारण ते बंधन घालणारे घड्याळही १९८५-८६ चे. बास्केटखालचा पट्टा तेव्हा फक्त सहा फूट रुंद होता आणि तो बारा फूट होण्यास १९५६ उजाडले. त्यामुळे पिव्होटवर, म्हणजे बास्केटजवळच्या मोक्याच्या जागी, उभा राहिलेला खेळाडू बास्केटच्या अगदी अंगाशी असे आणि तेथे वॉर्नरसारखा चपळ, पाठ फिरवून गोल वळणारा खेळाडू मिळाला की बचाव करणाऱ्याच्या हातात फारसे काही उरत नसे.

होलमन यांच्या खेळाचा गाभा पासिंग हा होता. चेंडू द्या, स्वतः मोकळ्या जागेत कापत जा आणि परत घ्या. ड्रिबल, म्हणजे चेंडू जमिनीवर आपटत नेणे, शक्यतो कमी. गल्लीतल्या अरुंद मैदानांवर वाढलेल्या मुलांना हा खेळ आधीपासूनच अवगत होता.

२१ जून

साखळी हंगामाचा तक्ता तयार झाला : १७ विजय, ५ पराभव. पराभव ऑक्लाहोमा, यूसीएलए, कॅनिशियस, नायगारा आणि सिरॅक्यूज यांच्याकडून. मोसमाच्या शेवटच्या क्रमवारीत हा संघ कोठेही नव्हता आणि बारा संघांच्या एनआयटीमध्ये त्याला जागा मिळाली तीही अगदी शेवटी शेवटी.

तक्त्यातील यूसीएलए आणि नायगारा या दोन ओळींना मी वेगळा रंग दिला आहे. पुढे तपासात ज्या सामन्यांविषयी कबुलीजबाब झाले, त्यांत या हंगामातील हे दोन सामने होते. वाचणाऱ्याच्या मनात तो रंग कशाचा, असा प्रश्न याच फलकावर उभा राहावा आणि उत्तर त्याला चौथ्या फलकावर मिळावे, अशी योजना आहे.

२४ जून

एनआयटीचा फलक. या फलकासाठी लागणारा मजकूर सर्वांत जास्त आहे आणि तो कमी करण्याची माझी इच्छा नाही.

सर्व सामने मॅनहॅटनमधील एट्थ ॲव्हेन्यूवरच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये झाले. आज त्या नावाने ओळखले जाणारे सभागृह नंतरचे. ४९ आणि ५० व्या रस्त्यांच्या मधले हे जुने गार्डन सुमारे १८,००० प्रेक्षकांचे होते. ११ मार्च १९५० रोजी सिटी कॉलेजने आदल्या वर्षीच्या विजेत्या सॅन फ्रान्सिस्कोला ६५-४६ असे हरवले. १४ मार्चला समोर केंटकी होते.

केंटकीचा संघ १९४८ आणि १९४९ असा सलग दोन वर्षे एनसीएए विजेता होता, त्या वर्षीच्या क्रमवारीत तिसरा होता आणि त्याचे प्रशिक्षक अडॉल्फ रुप हे त्या काळातील सर्वांत दबदब्याचे नाव होते. संघात सर्व खेळाडू गोरे होते. सामन्यापूर्वी केंटकीच्या काही खेळाडूंनी कृष्णवर्णीय प्रतिस्पर्ध्यांशी हस्तांदोलन करण्याचे टाळले, असे सिटी कॉलेजच्या खेळाडूंनी पुढे आयुष्यभर सांगितले आहे. केंटकीचा सेंटर बिल स्पायव्ही सात फूट उंच होता. होलमन यांनी सुरुवातीच्या जंप बॉलसाठी, म्हणजे दोघांमध्ये वर उडवलेल्या चेंडूसाठी, रोमनऐवजी लिरॉय वॉटकिन्स या क्वचितच मैदानात उतरणाऱ्या, पण संघातल्या सर्वांत उंच खेळाडूला उभे केले आणि त्याने चेंडू आपल्या बाजूला वळवला. त्यानंतर जे घडले ते डावपेचांच्या वर्गात शिकवण्यासारखे आहे. रोमन सेंटर असूनही बास्केटपासून दूर, कोपऱ्याकडे उभा राहू लागला आणि तेथून अचूक फेक करू लागला. त्याला अडवायचे तर स्पायव्हीला बास्केट सोडून बाहेर यावे लागे आणि तो बाहेर आला की रिकाम्या झालेल्या पिव्होटवर वॉर्नर शिरे. स्पायव्हीने आत थांबावे तर रोमन गुण घेणार आणि बाहेर यावे तर वॉर्नर. शेवटी गुणफलकावर ८९-५० असे आकडे होते. रुप यांच्या साऱ्या कारकिर्दीतील हा सर्वांत मोठा पराभव. केंटकीच्या विधिमंडळात ध्वज अर्ध्यावर उतरवण्याचा प्रस्ताव मांडला गेल्याचे त्या वेळच्या वृत्तपत्रांनी छापले होते.

आमच्या मुलांच्या संघाचा सेंटर आज सरावानंतर आला असता त्याला मी ही रचना टेबलावर बाटलीची झाकणे मांडून दाखवली. तो म्हणाला, “सर, हे तर आत्ताच्या एनबीएत रोज चालतं, उंच माणसाला बाहेर खेचायचं.” त्याचे म्हणणे बरोबर आहे, म्हणूनच पट्ट्याची आणि जागांची आकृती या फलकावर मध्यभागी येईल आणि विजेत्यांचे छायाचित्र बाजूला जाईल.

१६ मार्चला उपांत्य फेरीत सहाव्या क्रमांकाच्या ड्युकेनवर ६२-५२ असा विजय मिळाला. ड्युकेनकडून चक कूपर खेळत होता. पुढच्याच महिन्यात बॉस्टन सेल्टिक्सने त्याची निवड केली आणि एनबीए संघाने निवडलेला तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. १८ मार्चला अंतिम सामन्यात देशात पहिल्या क्रमांकावर असलेल्या ब्रॅडलीला ६९-६१ असे नमवून सिटी कॉलेजने एनआयटी जिंकली. स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू एड वॉर्नर.

२ जुलै

एनसीएए स्पर्धा तेव्हा आठ संघांची होती आणि त्या वर्षी पूर्व विभागाचे सामने व अंतिम सामनाही गार्डनमध्येच होते. सिटी कॉलेजने दुसऱ्या क्रमांकाच्या ओहायो स्टेटला ५६-५५ असे अवघ्या एका गुणाने, आणि पाचव्या क्रमांकाच्या नॉर्थ कॅरोलिना स्टेटला ७८-७३ असे हरवले. २८ मार्चला पुन्हा ब्रॅडली.

या अंतिम सामन्यातील शेवटचा मिनिट मी जसाच्या तसा द्यायचे ठरवले आहे. सिटी कॉलेजची आघाडी ब्रॅडलीच्या दाबामुळे वितळत ६९-६८ वर आली होती. ब्रॅडलीचा ठेंगणा, दणकट जीन मेल्किओरी चेंडू हिसकावून बास्केटकडे झेपावला. डॅम्ब्रॉटने त्याची फेक अडवली, चेंडू स्वतःकडे घेतला आणि पुढे धावत सुटलेल्या मेगरकडे लांबवर भिरकावला. मेगरच्या डोक्याला पट्टी होती. त्याच सामन्यात प्रतिस्पर्ध्याशी टक्कर होऊन त्याला टाके पडले होते आणि तो पुन्हा मैदानात उतरला होता. त्याने धावत जाऊन बास्केटजवळून चेंडू आत टाकला. ७१-६८. डॅम्ब्रॉट या स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

क्रमवारीत नसलेल्या संघाने तीन आठवड्यांच्या आत पहिल्या क्रमांकाला दोनदा, आणि दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या व सहाव्या क्रमांकांना एकेकदा हरवले. महाविद्यालयात मुलांनी तास सोडून जल्लोष केला आणि “अलागारू” ही तिथली जुनी आरोळी हार्लेमच्या टेकाडावर घुमत राहिली. हंगामाची एकूण नोंद : २४ विजय, ५ पराभव.

८ जुलै

चौथ्या फलकावर आज जिमखानाप्रमुखांशी बराच वेळ बोलणे झाले. त्यांचे म्हणणे असे की, भिंत मुलांना स्फूर्ती देण्यासाठी आहे आणि सट्ट्याचा तपशील तेथे कशाला. मी त्यांना म्हटले, “मॅडम, हा भाग वगळायचा असेल तर सगळाच हंगाम वगळू या, अर्धा सांगितलेला मला लावता येणार नाही.” त्यांनी कच्चा मजकूर मागितला, तो शेवटपर्यंत वाचला आणि परवानगी दिली; फक्त सट्टा कसा चालतो हे सांगताना तो मुलांना शिकवल्यासारखे होऊ नये, अशी सूचना केली. ती सूचना योग्य आहे आणि तशी काळजी घेतली आहे.

तरीही मुळातली युक्ती समजावून सांगणे भाग आहे, कारण ती समजल्याशिवाय या मुलांचे वागणे कळत नाही. जुन्या पद्धतीत कोण जिंकणार यावर पैसे लागत. १९४० च्या दशकात बुकींनी गुणांच्या फरकावर भाव लावण्याची पद्धत रूढ केली. समजा एक संघ दहा गुणांनी जिंकेल असा भाव निघाला; आता त्या संघाने सहाच गुणांनी सामना जिंकला, तर त्याच्या विरुद्ध पैसे लावणारा जिंकतो. म्हणजे सट्टेबाजाला खेळाडूकडे “हर” असे म्हणावे लागत नाही. तो “जिंक, पण थोड्या फरकाने जिंक” एवढेच म्हणतो. सामना जिंकलेला, महाविद्यालयाचे नाव राखलेले आणि खिशात काही शे डॉलर. वीस वर्षांच्या, पैशाची चणचण असलेल्या मुलाला हा कोणाचाही घात वाटत नसे. प्रत्यक्षात मात्र हातचा राखून खेळणाऱ्या संघाला फरक नेमका तोलता येत नाही आणि जिंकायचा सामना हातून जातो. तक्त्यातील त्या दोन रंगीत ओळींचा अर्थ हा आहे.

२०१३ नंतर ‘स्पॉट फिक्सिंग’ म्हणजे काय हे आपल्याकडे घराघरांत कळले असल्यामुळे हा मजकूर मराठी वाचकाला अनोळखी वाटणार नाही.

१५ जुलै

अटकेचा घटनाक्रम. जानेवारी १९५१ मध्ये मॅनहॅटन कॉलेजच्या ज्युनियस केलॉग या खेळाडूने आपल्याला लाच देऊ केल्याचे प्रशिक्षकांना सांगितले आणि तेथून जिल्हा सरकारी वकील फ्रँक होगन यांचा तपास सुरू झाला. १८ फेब्रुवारी १९५१ रोजी, फिलाडेल्फियात टेंपल विद्यापीठाला हरवून आगगाडीने परतलेल्या वॉर्नर, रोमन आणि रॉथ यांना न्यूयॉर्कच्या पेन्सिल्व्हेनिया स्थानकावर ताब्यात घेण्यात आले. व्यवहाराच्या मुळाशी साल्वातोरे सोलाझो नावाचा जवाहिऱ्या होता आणि खेळाडूंपर्यंत पोहोचण्याचा त्याचा दुवा एडी गार्ड हा न्यूयॉर्कच्याच लाँग आयलंड विद्यापीठाचा माजी खेळाडू होता. केलॉगचा स्वतंत्र चौकोन करायचा आहे. हो म्हणणाऱ्यांच्या गर्दीत नाही म्हणणारा हा मुलगा मला फार मोलाचा वाटतो.

फ्लॉइड लेनचे नाव पहिल्या अटकांत नव्हते. साथीदार तुरुंगात गेल्यावर उरलेल्या संघाचा तोच आधार होता आणि विद्यार्थ्यांनी त्याला डोक्यावर घेतले होते. काही दिवसांतच त्यालाही पकडले. त्याने पोलिसांना ब्राँक्समधल्या आपल्या घरी नेले आणि झोपण्याच्या खोलीतील कुंडी दाखवली. तिच्या मातीत रुमालात गुंडाळलेले २,८९० डॉलर होते. त्याला मिळाले होते ३,०००. म्हणजे इतक्या महिन्यांत त्याने त्यातले ११० डॉलर खर्च केले होते. या मुलांच्या मनाची घालमेल सांगणारा याहून नेमका तपशील मला सापडणे शक्य नाही. फलकावर तो कोणत्याही टिप्पणीविना जाईल.

मार्चअखेरीस डॅम्ब्रॉट, मेगर आणि कोहेन यांनाही अटक झाली आणि सात जणांची यादी पूर्ण झाली.

१९ जुलै

नोव्हेंबर १९५१ मध्ये न्यायाधीश सॉल स्ट्राइट यांनी शिक्षा सुनावल्या. सोलाझोला आठ ते सोळा वर्षे. लाँग आयलंड विद्यापीठाचा खेळाडू शर्मन व्हाइट याला वर्षभर तुरुंगवास. एड वॉर्नरला सहा महिने तुरुंगवास. इतर बहुतेकांची शिक्षा स्थगित झाली. एनबीएने सर्वांना कायमचे बाद केले. तुरुंगात गेलेले व्हाइट आणि वॉर्नर हे दोघेही कृष्णवर्णीय होते, हे वाचकाने लक्षात घ्यावे, असे मला वाटते.

ही गोष्ट एका शहरापुरती नव्हती. ज्या ब्रॅडलीला दोनदा हरवले त्याचा मेल्किओरी १९५१ च्या एनबीए संघांच्या वार्षिक खेळाडू-निवडीत पहिल्या क्रमांकावर निवडला गेला आणि त्याच प्रकरणात अडकल्यामुळे तेथे एकही सामना खेळला नाही. सट्टेबाज माझ्या मुलांना हात लावू शकणार नाहीत, असे रुप यांनी जाहीरपणे सांगितले होते. ऑक्टोबर १९५१ मध्ये त्यांच्याच आधीच्या विजेत्या संघातील तिघांना अटक झाली आणि केंटकीला १९५२-५३ चा संपूर्ण हंगाम मैदानाबाहेर बसावे लागले.

येथे माझे मत मी फलकावर स्पष्टपणे देणार आहे. नेड आयरिश यांनी १९३४ पासून गार्डनमध्ये एका संध्याकाळी दोन महाविद्यालयीन सामने भरवण्यास सुरुवात केली आणि तिकिटांच्या उत्पन्नातून गार्डनला व महाविद्यालयांना भरपूर पैसा मिळू लागला. सट्टा त्याच गर्दीच्या आधाराने वाढला आणि तो वर्षानुवर्षे सर्वांच्या डोळ्यांसमोर चालत होता. सिटी कॉलेजच्या चौकशीत काही खेळाडूंच्या शालेय गुणपत्रिकांत प्रवेशासाठी फेरफार झाल्याचेही उघड झाले. हे काम त्या मुलांनी केलेले नव्हते. होलमन नोव्हेंबर १९५२ मध्ये निलंबित झाले आणि १९५४ मध्ये पूर्वपदावर परतले. मुलांना मात्र परतीची वाट नव्हती. त्यांनी गुन्हा केला होता, यात शंका नाही. पण खेळावर पैसा कमावणाऱ्या सर्वांमध्ये सर्वांत कमी कमावणाऱ्यांनी सर्वांत जास्त किंमत मोजली.

२२ जुलै

मुद्रितशोधन झाले. आकृतीतील पट्ट्याची रुंदी प्रमाणात नव्हती; चित्रकाराने ती दुरुस्त केली.

२६ जुलै

शेवटचा फलक पुढच्या आयुष्यांचा. डॅम्ब्रॉट दंतवैद्य झाला. रोमनने मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि न्यूयॉर्कच्या शाळांत मानसशास्त्रज्ञ म्हणून काम केले. या प्रकरणात नाव न आलेला गॅलिबर अनेक वर्षे ब्राँक्समधून न्यूयॉर्क राज्याच्या सिनेटवर निवडून जात होता. लेन १९७४ मध्ये ज्या महाविद्यालयाने त्याला काढले होते त्याच सिटी कॉलेजच्या संघाचा प्रशिक्षक झाला. महाविद्यालयाने गार्डनमधला मोठा खेळ सोडून दिला आणि आज त्याचा संघ डिव्हिजन तीन या एनसीएएच्या खालच्या गटात खेळतो. एनसीएएचा अंतिम सामना १९५० नंतर पुन्हा कधी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये झालेला नाही.

संघाच्या नामावळीचा प्रश्न शेवटी उरला होता. अटक झालेल्या सातांच्या नावापुढे खूण करावी, असे एका सदस्याने सुचवले. बैठकीत चर्चा होऊन ती खूण न करण्याचे ठरले : नामावळीत सर्व खेळाडूंची नावे आडनावांच्या क्रमाने, एकाच अक्षरात येतील आणि कोणी काय केले हे वाचकाला चौथ्या व पाचव्या फलकांवर पूर्ण वाक्यांत वाचायला मिळेल. मजकूर त्या स्वरूपात आज छपाईला दिला.